थरथरणाऱ्या हँडलचे निदान

हिमायतनगरहून भोकर, हदगाव किंवा किनवटच्या रस्त्याला लागलेल्या जुन्या मोटरसायकलींची एक तक्रार ठरलेली आहे. गावातल्या गर्दीत गाडी नीट चालते. मोकळा रस्ता लागून काटा चाळिशी ओलांडतो तसे हँडल हातात थरथरू लागते, पन्नासच्या आसपास थरथर शिगेला पोचते आणि साठीच्या पुढे गेले की ओसरते. गॅरेजमध्ये या तक्रारीला उत्तरही ठरलेले आहे: कोनसेट गेला. मग हँडलखालचा गोळ्यांचा कोनसेट बदलला जातो, गाडी काही दिवस बरी चालते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तक्रार जशीच्या तशी परत येते. कोनसेट खराब असूच शकत नाही असे कुणी म्हणणार नाही. आपल्या रस्त्यांवर ते होतेच. पण कोनसेटला पहिला आरोपी धरून सुरू केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा अर्धवट राहते. तपासाची सुरुवात हँडलपासून न करता जमिनीला टेकलेल्या टायरपासून का करावी, हे या प्रकरणात पाहू.

नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला जुनी मोटरसायकल ही हौसेची वस्तू नाही. १९८५ साली आलेली हीरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, १९९७ ची बजाज बॉक्सर या घराण्यांतल्या गाड्या एमएच-२६ च्या पाट्या लावून शेतात, दूध डेअरीवर, बाजाराला आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडपर्यंत रोज जातात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ रोजी त्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले होते, तरी नवी गाडी घेण्यापेक्षा जुनी राखणे स्वस्तच पडते. म्हणजे या गाड्या आणखी बरीच वर्षे चालणार आहेत. मागच्या सीटवर माणूस, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन किंवा मधोमध सोयाबीनचे पोते असे ओझे घेऊन चालणार आहेत. अशा गाडीचे पुढचे चाक भरवशाचे असावे, ही गरज आहे.

आधी थरथरीचा स्वभाव समजून घेऊ. मोटरसायकलचे पुढचे शॉकअप सरळ उभे नसतात, त्यांचे खालचे टोक पुढे झुकलेले असते. हँडलचा अक्ष खालपर्यंत वाढवला तर तो जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या काही सेंटिमीटर मागे टायर जमिनीला टेकतो. त्यामुळे पुढचे चाक सतत ओढले जात असते आणि वळले की आपोआप सरळ होऊ पाहते. सरळ होताना ते थोडे पलीकडे जाते, तिथून परत येते. निरोगी गाडीत हे येणे-जाणे एक-दोन हेलकाव्यांत मरते. आजारी गाडीत ते मरत नाही. इंग्लंडमधले अभियंता रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडून दाखवले, की तिच्या डोलण्याचे वेगवेगळे प्रकार असतात आणि ते एकमेकांपासून ओळखता येतात. एकात फक्त हँडल आणि पुढचे चाक झपाट्याने हलते, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी लहरते, सेकंदाला दोन-चार वेळा, आणि हे बहुतेक जास्त वेगाला घडते. पहिल्याला आपण थरथर म्हणू, दुसऱ्याला लहर. दोन्ही तक्रारी गॅरेजमध्ये 'गाडी हलते' एवढ्याच शब्दांत सांगितल्या जातात आणि निदानाची पहिली चूक तिथेच होते.

आता चाळीस-पन्नासच्या कोड्याकडे येऊ. या वर्गातल्या अनेक गाड्यांना पुढे २.७५-१८ मापाचा टायर असतो. त्याचा घेर जवळपास १.८५ मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे ११.१ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला ६ फेरे होतात. पन्नासला साडेसात, साठला नऊ. ही संख्या थरथरीच्या स्वाभाविक गतीच्या पट्ट्यातच बसते. चाकात एखादा दोष असला, रिंग वाकडी असली किंवा टायर एका जागी फुगलेला असला, तर तो दोष हँडलला प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतो. वेग कमी असताना हे धक्के विरळ पडतात, वेग फार वाढला की हँडलला साथ देता येणार नाही इतके भरभर पडतात. मधल्या पट्ट्यात मात्र प्रत्येक धक्का नेमक्या वेळी पडतो आणि झोक्याला योग्य क्षणी दिलेल्या बोटभर ढकलीसारखा हेलकावा वाढवत नेतो. म्हणून ठरावीक वेगाला सुरू होऊन ठरावीक वेगाला थांबणारी थरथर ही फिरणाऱ्या वस्तूचीच खूण आहे. कोनसेट फिरत नाही. तो ढिला असेल तर थरथरीला वाव देईल, पण सेकंदाला साडेसात धक्के तो स्वतः देऊ शकत नाही.

यावरून हे स्पष्ट होते, की थरथरीला दोन गोष्टी लागतात: धक्का देणारा दोष आणि तो धक्का जिरू न देणारा ढिलेपणा. धक्का चाकाकडून येतो. ढिलेपणा कोनसेट, बेअरिंग, शॉकअप किंवा मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशांत असतो. दोन्ही थोडे थोडे असले तरी पुरते. आपल्याकडे धक्क्याची सामग्री मुबलक आहे. खड्ड्यात आपटून रिंग वाकडी होऊन तिला आऊट येतो आणि स्पोक सैल पडतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिंगेच्या एका अंगाला बसतो आणि दोन उन्हांत दगडासारखा वाळतो. तीस ग्रॅमचे असे ढेकूळ रिंगेवर असले, तर पन्नासच्या वेगाला ते सुमारे दीड किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर ओढते, आणि ती ओढ चाकाबरोबर गोल फिरत राहते. ढेकूळ बरोबर मध्यावर असेल तर चाक वर-खाली उडते. एका बाजूला असेल तर तीच ओढ हँडलला डावी-उजवीकडे पिळते. गाडी धुतल्यावर थरथर कमी झाली, तर हा दोष पैसे न मोजताच सापडला.

म्हणून पाना उचलण्याआधी विचारायचा प्रश्न 'काय हलते?' हा नाही, 'कधी हलते?' हा आहे. ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच हलत असेल तर चाक आणि टायर पाहावेत. वेग कोणताही असो, खड्डा लागला की हँडल थरथरते आणि लवकर शांत होत नाही, तर ढिलेपणा शोधावा. ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरताना जास्त थरथरते तेव्हा वजन पुढे आलेले असते; ढिला कोनसेट आणि उंचसखल झिजलेला टायर दोघेही अशा वेळी उघडे पडतात. फक्त ब्रेक दाबल्यावर हँडल मारत असेल तर ड्रम अंडाकृती झाल्याचा किंवा शॉकअपचे बुश झिजल्याचा संशय घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर, मागे ओझे असताना अख्खी गाडी लहरत असेल तर पुढे शोधून उपयोग नाही. मागचा टायर, मागची हवा आणि चिमट्याचे बुश बघावेत. आणि पंधरा-वीसच्या वेगात गाडी सरळ चालतच नाही, सारखी सावरावी लागते, असे असेल तर कोनसेट ढिला नसून बहुधा फार आवळलेला किंवा खड्डे पडलेला असतो.

तपास खालून वर आणि फुकटातल्या गोष्टींकडून खर्चिक गोष्टींकडे जावा. सुरुवात हवेपासून. टायरमधली हवा अंदाजाने भरण्याची सवय सोडून गेज लावावे आणि गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाळावा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात कडक होऊन चिरा पडलेला टायर धक्का पोटात घेत नाही. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा, म्हणजे पुढचे चाक हवेत येईल. टायरच्या कडेला रिंगेलगत एक बारीक उठावदार रेघ असते. ती सगळीकडे रिंगेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती आत दबली असेल, तर पंक्चर काढताना टायर नीट बसलेला नाही. हा दोष फार आढळतो आणि हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून, पुन्हा हवा भरली की बहुतेक वेळा दूर होतो.

यानंतर रिंग. शॉकअपला एक काडी तारेने अशी बांधावी, की तिचे टोक रिंगेपासून जेमतेम नखभर अंतरावर राहील. चाक हळू फिरवावे आणि डोळा त्या फटीवर ठेवावा. फट रुंदावते-आक्रसते तेवढा आऊट. होंडा घडणीच्या गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रिंगेच्या आऊटची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. त्याहून जास्त असेल तर आऊट काढून घ्यावा. मग छोट्या पान्याने एकेक स्पोक वाजवत जावे. ताणलेला स्पोक 'टिंग' असा स्वच्छ वाजतो, सैल स्पोक 'थप्' असा मुका पडतो. ओळीने चार-पाच मुके निघाले तर वाकडेपणाचे कारण तिथेच मिळते. शेवटी ब्रेक मोकळा करून चाक हलकेच फिरवून सोडावे. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर चाक तिथे जड आहे. साध्या स्पोकच्या चाकाला बॅलन्सिंग मशीन मिळाले नाही, तरी समोरच्या बाजूच्या स्पोकवर शिशाची पट्टी गुंडाळून तोल साधता येतो.

चाक निर्दोष ठरल्यावरच ढिलेपणाकडे वळावे. चाक वर-खाली दोन हातांनी धरून एक हात आपल्याकडे, दुसरा पलीकडे ढकलावा. शॉकअप स्थिर आणि चाकच लुकलुकत असेल तर चाकाची बेअरिंग गेली आहेत किंवा एक्सल सैल आहे. आता शॉकअपचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढावे आणि सोबत्याने हँडलखालची, शॉकअप धरणारी टी आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवावे. बोटाला 'खट्' लागले तर कोनसेटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. तिथे काही न लागता शॉकअपच्या सीलपाशी लागले तर प्ले शॉकअपच्या बुशांत आहे. बोटाची ही जागा फार महत्त्वाची आहे. गाडी जमिनीवर ठेवून पुढचा ब्रेक दाबून हलवून पाहिले, तर ब्रेकच्या ड्रममधला खेळही कोनसेटच्या नावावर जमा होतो. त्यानंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी हळू फिरवावे. बरोबर मध्यावर ते अडखळून बसत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. गाडी बहुतांश काळ सरळ चालते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार गोळ्या त्याच जागी देतात. त्यात वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने ग्रीस धुऊन गेले, की हे काम आणखी लवकर होते. असा कोनसेट आवळून सुधारत नाही, वाट्यांसकट बदलावाच लागतो.

कोनसेटही ठीक असेल तर शॉकअप टीमध्ये पिळलेले आहेत का ते बघावे. एखाद्या पडझडीनंतर हँडल सरळ धरले तरी चाक किंचित तिरके दिसते. बहुतेक वेळा काही वाकलेले नसते, फक्त टीच्या बोल्टांत पाइप सरकलेले असतात आणि बोल्ट सैल करून सरळ करता येतात. दोन्ही शॉकअपमध्ये तेल सारखेच हवे. एकाचे सील गळून तेल गेले असेल, तर दोन्ही बाजू एकसारख्या दबत नाहीत. मागे जाऊन चाक आडवे ढकलून चिमट्याच्या बुशांतला प्ले पाहावा आणि चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या आहेत ना हे तपासावे. पुढचे चाक परत बसवताना दोन गोष्टी विसरू नयेत. ब्रेकच्या प्लेटची खाच शॉकअपच्या खुंटीत बसलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जाम होऊ शकते. आणि एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीन-चार वेळा दाबावेत, म्हणजे दोन्ही पाय आपापली जागा घेतात.

यावर अनुभवी मिस्त्रींचा आक्षेप असतो, की कोनसेट बदलल्यावर गाडी सुधारते हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले आहे. ते खरे आहे आणि त्याचे कारणही आहे. नव्या, चांगल्या आवळलेल्या कोनसेटमध्ये घर्षण जास्त असते. ते घर्षण थरथर दाबून ठेवते. धक्का देणारा दोष चाकात तसाच असतो, फक्त हँडलपर्यंत पोचत नाही. काही आठवड्यांत गोळ्या आपली जागा घेतात, घर्षण उतरते आणि थरथर परत येते. दरम्यान तोच वाकडा आऊट सेकंदाला सात वेळा नव्या वाट्यांवरही मार देत असतो. म्हणजे आधी चाक न बघता केलेली दुरुस्ती तात्पुरती तर ठरतेच, नव्या भागाचे आयुष्यही खाते. मिस्त्रीचा अनुभव इथे खोटा नाही, पण त्याला गाडी सुधारलेली दिसते आणि पुन्हा बिघडते तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच गॅरेजवर गेलेली असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. भाग बदलला तर गिऱ्हाईक पैसे देते; तासभर तपासून 'फक्त टायर नीट बसवला' असे सांगितले तर मजुरी मागायची कशाची? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गिऱ्हाइकाकडे आहे. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण कुरकुर करत नाही. मिस्त्रीच्या नजरेला आणि बोटांना जे कळते त्यालाही मोल आहे, हे मान्य केले नाही तर तो भाग विकणाराच होत जाईल. तपासताना एक शिस्त मात्र दोघांनीही पाळावी: एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याने, त्याच वेगाला चाचणी. टायर, कोनसेट आणि बेअरिंग एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली हे कुणालाच कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचा खर्च येईल.

तिसरा आक्षेप असा, की गाडी जुनी आहे, चाळीसच्या खाली चालवली की झाले. जुन्या गाडीला जास्त वेगाची गरज नाही हे पटण्यासारखे आहे. पण थरथर वेगावर अवलंबून असली तरी ढिलेपणा वेगावर अवलंबून नसतो. एक्सलचा प्ले, झिजलेले बेअरिंग, खड्डे पडलेला कोनसेट पस्तीसलाही तितकेच असतात, आणि अचानक ब्रेक मारावा लागला किंवा खड्डा चुकवावा लागला तर त्याच क्षणी दगा देतात. उपाय म्हणून कुणी कोनसेटचा नट जास्त आवळतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांवर हँडलच्या मधोमध घर्षण वाढवणारा गोल नॉब असायचा, म्हणजे कल्पना नवी नाही. पण त्या नॉबचे घर्षण गोळ्यांवर येत नसे. नट आवळून आपण गोळ्याच चिरडतो, वाट्यांत खड्डे लवकर पडतात आणि हळू वेगात गाडी डगमगू लागते. नट योग्य आवळला आहे का याची कसोटी सोपी आहे: चाक हवेत असताना हँडल मध्यावरून जरासे ढकलले, की स्वतःच्या वजनाने ते दोन्ही बाजूंना टोकापर्यंत गेले पाहिजे आणि शॉकअप ओढल्यावर 'खट्' लागता कामा नये.

ओझ्याचाही विचार दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे. मागच्या चाकाच्याही मागे लटकलेले वजन पुढच्या चाकाला हलके करते, आणि हलके चाक लवकर थरथरते. हँडलला अडकवलेली जड पिशवी हँडलबरोबर डोलते. कॅन शक्य तितक्या खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या ठेवल्या तर निम्मी लहर तिथेच थांबते. चालत्या गाडीत थरथर सुरू झाली तर हँडल घट्ट आवळून त्याच्याशी झगडू नये आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि गाडीला आपोआप वेग उतरवू द्यावा. हात सोडून थरथर किती आहे ते बघण्याचा प्रयोग रस्त्यावर कधीही करू नये.

पुढच्या वेळी हँडल थरथरले तर गॅरेजवर 'गाडी हलते' एवढेच सांगू नका. कोणत्या वेगाला, ओझे असताना की नसताना, ब्रेक दाबताना की ॲक्सिलरेटर सोडताना, हे सांगा. कोनसेटच्या नटाला पाना लावण्याआधी पुढचे चाक हवेत उचलून फिरवून बघायला सांगा, आणि त्या तपासणीची मजुरी मिस्त्रीने मागायची वाट न बघता द्या.